‘असेल’ गाळलेलं वाक्य

चँडलर, १६ एप्रिल २०२५

ती. रमामावशीस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

पत्र पाहून हसशील, पण फोनवर मी ‘पाठ’ म्हटलं की तुला ‘ताट’ ऐकू येतं. कानाचं यंत्र अजून डबीतच आहे, अशी विवेकदादाची तक्रार आहे.

इथे माझ्या दहावीच्या वर्गाचं त्रांगडं झालंय. पाच मे हा अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि मारल्या गेलेल्या मूलनिवासी, म्हणजे नेटिव्ह अमेरिकन, बायका-मुलींच्या स्मरणाचा दिवस. त्यावर मी तास घेणार आहे. तयारी म्हणून मुलांना जुन्या बातम्या दिल्या आणि मुलीबद्दलचा पहिला शब्द अधोरेखित करायला सांगितला. बहुतेक ठिकाणी ‘रनअवे’ निघालं. पळून गेली, म्हणून शोध नाही. वर्गातल्या एका मूलनिवासी मुलीची आत्या चार वर्षं बेपत्ता आहे. तिने विचारलं, की हे पहिल्यांदा म्हणतं कोण.

दोन पालकांनी तक्रार केलीये, त्यातले एक आपले पुण्याचेच. मुख्याध्यापिकांनी निर्णय माझ्यावर सोडलाय. खरं सांगू? मन कचरतंय, ते तक्रारीमुळे नाही. मला आपली सुमित्रामावशी आठवली. तिचं नाव निघालं की आई एवढंच म्हणायची, की ती पळून गेली. मीही पुढे विचारलं नाही. मग मुलांना कोणत्या तोंडाने शिकवू? आई आता नाही, म्हणून तुला विचारते. सुमित्रामावशी कुणाबरोबर गेली?

रागावलीस तरी लोभ राहू दे.
तुझी भावना

श्रूजबरी, २४ एप्रिल

चि. भावनास,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

तुझ्या पत्रात ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका आहेत. अमेरिकेत मास्तरीण झालीस म्हणून सूट नाही. यंत्र घालते, पण त्यात विवेकचा मिक्सरच जास्त ऐकू येतो.

पत्र तीन दिवस तसंच ठेवलं होतं. आता लिहिते. सुमित्रा कुणाबरोबरही गेली नाही. ऐंशी साली, अठरा वर्षांची असताना, नागपुरात शिवणाच्या क्लासला गेली ती परतलीच नाही. बाबा मला घेऊन चौकीवर गेले. हवालदाराने नाव लिहायच्या आधी आमची वस्ती विचारली, हसला आणि म्हणाला, की कुणाबरोबर गेली ते सांगा. बाबांची मान खाली गेली. मला ते बघवेना. तिथून लवकर सुटावं म्हणून मी म्हटलं, पळून गेली असेल. त्याने ‘असेल’ गाळलं आणि ‘पळून गेली’ एवढंच लिहिलं. मी ते वाचलं आणि गप्प बसले. शोध कुणी घेतलाच नाही. पुढे घरातही ‘असेल’ कुणी म्हणेना. तुझी आई तेव्हा लहान होती, तिला मीच तसं सांगितलं.

चौतीस वर्षं मी मुलांना व्याकरण शिकवलं गं! त्या मुलीला सांग, की कधीकधी घरचंच माणूस घाबरून म्हणतं आणि लिहिणाऱ्याला तेच हवं असतं. तास घे. माझं नाव घेऊन घे.

मावशीवरचा लोभ उरला असेल तर कळव.
रमामावशी

चँडलर, ६ मे

ती. रमामावशीस,
सप्रेम जय भीम.

तास झाला. ‘असेल’ फळ्यावर देवनागरीत लिहिलं. त्याला इंग्रजीत काय म्हणावं, यावर मुलं बराच वेळ हुज्जत घालत होती. ती मुलगी तास संपल्यावर थांबली. मला वाटलं, पोलिसांबद्दल विचारेल. तिने विचारलं, की सुमित्रा कशी होती, तिला काय आवडायचं. मला एक गोष्टही सांगता आली नाही, मावशी. फार लाज वाटली.

लोभ तसूभरही कमी झालेला नाही. जेवतेस ना वेळेवर?
तुझी भावना

श्रूजबरी, १३ मे

चि. भावनास,
अनेक आशीर्वाद.

पंचेचाळीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. सुमित्रा डावखुरी होती. शिवणाच्या बाई ओरडायच्या, म्हणून क्लासमध्ये उजव्या हाताने कापायची आणि घरी तेच डाव्याने नीट करायची. भाजीतल्या मिरच्या वेचून माझ्या ताटात टाकायची. मी चार वर्षांनी मोठी, पण ताई कधी म्हणाली नाही, ‘रमे’च म्हणायची. एकदा सायकल माझ्या अंगावर घातली आणि वर मलाच विचारलं, की मध्ये का उभी होतीस.

काल जेवताना हे सगळं विवेकला सांगितलं. तो हसला. मग त्याने विचारलं, की ती गेली कुठे. मला माहीत नाही, असं मी म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरं बोलले आणि ताटावरच रडले.

आम्हा दोघी बहिणींवर लोभ असू दे.
रमामावशी