काजांकडचा अर्धा तंबू

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौपन्न, व्यवसाय दर रविवारी वर्तमानपत्रातून लोकांना टोचणे, राहणार याच घरात, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता, पूर्ण शुद्धीत आणि चहा घेऊन झाल्यावर लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. माझ्या काही वाचकांना तो पटणार नाही; त्यांनी डॉक्टरांकडेच दाद मागावी. परवा माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. काळजीचे कारण नाही, असे डॉक्टर म्हणाले. मी न विचारताच पुन्हा म्हणाले, तेव्हा मी कागद घेतला.

शाळेत असताना मी स्काउट होते. "मुलगी आणि स्काउट?" असे वकीलबाईंनीही विचारले. मुलींचे वेगळे पथक चालवायला आमच्या शाळेत कोणी तयार नव्हते. म्हणून चित्रकलेच्या सरांनी मला आणि माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, मुलांच्याच पथकात घेतले. मुख्याध्यापक म्हणाले, "नियमात बसत नाही." सर म्हणाले, "तंबूत बसतात." विषय संपला.

तळ उठवताना सर आम्हाला एका रांगेत उभे करत आणि वाकून, जमीन बघत चालायला लावत. सुतळीचा तुकडा, जळकी काडी, खुंटीचे भोक, काहीही मागे राहता कामा नये. नंतर येणाऱ्याला कोणाची घाण उपसावी लागू नये, एवढाच त्यांचा आग्रह. मृत्युपत्र मी त्याच हिशेबाने करते आहे. वाकून, जमीन बघत चालले आहे.

कलम १. माझे दोन खोल्यांचे घर, गळक्या नळासकट, माझ्या भाचीला, म्हणजे ताईच्या मुलीला द्यावे. ताई आणि मी सहा वर्षे बोलत नाही. भाची दोन्ही घरी जेवते आणि इकडचे तिकडे करत नाही. एवढ्या गुणावर माणसाला परदेशात राजदूत नेमतात. मी घर देते.

कलम २. बँकेतली सर्व शिल्लक आमच्या शाळेच्या स्काउट पथकाला, दोऱ्या आणि तंबू घेण्यासाठी. तिच्यातून संगमरवरी फलक, कोनशिला किंवा प्रमुख पाहुणे विकत घेऊ नयेत.

कलम ३. माझी पेने जो लिहील त्याला. कात्री मात्र आमच्या संपादकांना. त्यांनी माझ्या प्रत्येक लेखाचा शेवटचा परिच्छेद कापला. इतके कष्ट उपसले, निदान हत्यार तरी चांगले असावे.

कलम ४. कपाटातल्या पत्र्याच्या डब्यातील वस्तू पुढीलप्रमाणे.

शिट्टी: वरच्या मजल्यावरचे गृहस्थ फोनवर असे बोलतात, की फोनची गरजच काय. शिट्टी त्यांच्या पत्नीला द्यावी. वापर कसा करायचा ते त्या जाणतात.

स्वयंपाकाचा बॅज: हा माझ्या चुलतवहिनींना. "तुला मेलीला साधा बटाटा उकडता येत नाही," असे त्या चारचौघांत म्हणतात. वहिनी, हा बॅज मला बटाट्यावरच मिळाला आहे. विस्तवात भाजलेला, बाहेरून कोळसा आणि आतून कच्चा. सरांनी तो मुकाट्याने, सालासकट खाल्ला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "विस्तव झकास पेटवलास." पुढच्या शिबिरात मी त्यांच्यासाठी असा बटाटा भाजला, की ते दुसरा मागायला आले. बॅज त्या दिवशी मिळाला. लोकांचे वाभाडे काढणे हा माझा धंदा, पण सरांवर मी एक ओळ लिहू शकले नाही. टोचायला जागाच सापडली नाही.

कलम ५. दोरीचा तुकडा, सरांच्या हातच्या गाठीसह, भाचीला. ही सपाट गाठ. ताण पडला की घट्ट बसते आणि सोडायची म्हटली की निमूट सुटते. यावर सर काही उपदेश करतील असे आम्हाला वाटले होते. सर म्हणाले, "टोकं बघ. दोरी ज्या बाजूनं आत गेली, त्याच बाजूनं बाहेर आली पाहिजे." बस्स. म्हणून ते मला आवडत. भाचीने गाठ सोडून पाहू नये. सुटेल, याची मी हमी देते.

कलम ६. काजांकडचा अर्धा तंबू.

हे नीट समजावून सांगते. आमचे तंबू दोन तुकड्यांचे असत. एकावर बटणे, दुसऱ्यावर काजे. दोघांनी एकेक तुकडा पाठीवर वाहायचा आणि मुक्कामाला पोचल्यावर जोडायचा. एकट्याच्या तुकड्याचा उपयोग गादीवरच्या चादरीइतकाच. एकदा दोन भाऊ घरून भांडून निघाले आणि दोघेही बटणांचेच तुकडे घेऊन आले. मुक्कामाला पाऊस धो धो. ते दोघे बटणे हातात धरून भिजत एकमेकांना विचारत होते, "तुझ्यावर काजं का नाहीत?" सर काही बोलायच्या आत ताईने आमच्या तंबूचा पडदा वर केला. "या आत. चिखल बाहेर ठेवा, भांडणही." दोघांच्या तंबूत चौघे. मध्येच वाऱ्याने खांब कलला, तर ताई तो पाठीला टेकवून पाऊस थांबेपर्यंत बसली. मी तेव्हा तिला म्हटले, "ताई, मी धरू का?" ती म्हणाली, "तू लहान आहेस. तू विनोद सांग." माझा धंदा तिथे सुरू झाला.

आईच्या मागे घरातले सामान वाटले, त्यात आमचा तो तंबूही निघाला, तेव्हा ताईने बटणे घेतली आणि मला काजे आली. म्हणजे नुसती भोकेच. तरी मी जपली.

मग मी एक लेख लिहिला. त्यात एक मुख्याध्यापिका रोज सकाळी दारात उभी राहून नवऱ्याची नखे तपासते. ताई मुख्याध्यापिका आहे. भावजींना रस्त्यात लोक हात दाखवायला सांगू लागले. ताईने मला एकच निरोप पाठवला: "यापुढे माझ्या दारात येऊ नकोस." मी आजही म्हणते, तो लेख कौतुकाचा होता. जिचा खांब कलत नाही, अशीच बाई मी रंगवली होती.

तर हा तुकडा ताईला. अट एकच: तिने तो स्वतः येऊन न्यावा. स्काउट डाव्या हाताने हात मिळवतात. तसा माझ्याशी मिळवावा, मी नसले तर दाराच्या कडीशी.

इथवर लिहून मी वकीलबाईंना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "साक्षीदार दोन लागतील. ज्यांना यातून काही मिळत नाही असे."

"अशी माणसं माझ्या ओळखीत ढीगभर आहेत."

"सही होईपर्यंत समोर बसावं लागतं त्यांना."

तिथे ढीग ओसरला. खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य तयार झाले. दुसरे कोणी मिळेना. भाची हे सगळे ऐकत होती. इकडचे तिकडे न करण्याचा नियम तिने आज मोडला.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी. ताई आली. काखेत बटणांचा तुकडा. चप्पल काढता काढता म्हणाली, "ऑपरेशन परवा, आणि मला पोरीकडून कळतंय?"

मी म्हटले, "दारात येऊ नकोस म्हणालीस."

"तू येऊ नकोस म्हटलं होतं. मी येणार नाही, असं कुठं म्हटलं?" मग खुर्ची ओढून बसली. "आणि नखं नव्हे. टाचा. मी त्यांच्या मोज्यांच्या टाचा बघते, फाटलेले घालून जातात म्हणून. सहा वर्षं सांगायचंय तुला. धडधडीत चुकीचं छापलंस."

तिने हा कागद पहिल्या ओळीपासून वाचला. कलम सहाशी थांबली.

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हाला तंबू मिळतोय, तेव्हा तुमची सही साक्षीदार म्हणून चालायची नाही."

"मग खोडा तंबू," ताई म्हणाली. "ही सही करणार आणि मी बाहेर थांबणार होय?"

सबब कलम ६ खोडले आहे. खोडल्या जागी माझी सही आहे. ताई आपला बटणांचा तुकडा आजच भाचीला देत आहे. माझा काजांचा तुकडाही भाचीलाच मिळावा. दोन्ही जेवणाच्या टेबलावर टाकून जोडून पाहिले. सगळी काजे लागली. एक बटण लोंबत होते, ते ताईने माझ्या घरचा दोरा घेऊन शिवले आणि दोऱ्याच्या रंगावरून मला बोलली. तिच्या म्हणण्यावरून हेही नोंदवते की मी परत आल्यावर तंबू आधी गच्चीवर ठोकायचा आहे, आणि तोवर भाचीने कशावरही हक्क सांगू नये. लेखाची दुरुस्ती येत्या रविवारी छापून येईल. शेवटच्या परिच्छेदात घालणार नाही.

स्थळ: माझे स्वयंपाकघर.
दिनांक: नऊ ऑक्टोबर, गुरुवार.

सही: मृत्युपत्र करणारी.

साक्षीदार पहिला: खालच्या मजल्यावरचा दंतवैद्य. माझ्यासमोर सही झाली. टेबलावर तंबू असल्याने कागद पाटावर ठेवला होता.

साक्षीदार दुसरी: थोरली बहीण, मुख्याध्यापिका. मला यातून काहीही मिळत नाही, हे वाचून व समजून सही केली. सही उजव्या हाताने केली आहे. डावा मोकळा नव्हता.