मुक्यानं आणलेली साल

तात्या, तुम्हाला जाऊन पंचवीस-सव्वीस वर्षं झाली आणि तुमच्यावरचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगते. खरं तर राग माझा माझ्यावरच आहे, पण सवयीनं तो तुमच्याकडं वळतो.

त्या दिवाळीत मी बारामतीच्या नर्सिंग हॉस्टेलवरून बावड्याला आले होते. शेजारची काकू तुमच्याकडं झाडाची साल मागायला आली, आणि मी चार माणसांत म्हणाले, "तात्या, बंद करा हे अडाण्याचं डॉक्टरपण. एखाद्या दिवशी कुणाचा तरी जीव घ्याल." तुम्ही हातातला कोयता खाली ठेवलात. "व्हय बाई, शिकलीस तू," एवढंच म्हणालात आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. मी तरी कशाला बोलते! मीही तुमचीच लेक. आईला मात्र चुलीपाशी सांगितलं, की दर महिन्याला अंगावरून फार जातं, ड्यूटीत उभं राहवत नाही.

तुमचा नेम घरात सगळ्यांना पाठ होता. आदल्या सांजेला झाडाला हळदकुंकू वाहून आवतण द्यायचं, पहाटे उगवतीकडची वीतभर साल काढायची, आणि ती आजाऱ्याच्या हातात पडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. बोललं की गुण गेला. लहानपणी तुम्ही असे मुके आलात की मी मुद्दाम गुदगुल्या करायची, आणि तुम्ही गाल फुगवून हसू दाबायचात.

निघायच्या सकाळी मी एसटीत खिडकीशी बसलेय. गाडी सुरू झालीय. ओढ्याकडून तुम्ही लगालगा येताय, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेत. खिडकीखाली उभे राहून तुम्ही उपरण्यात गुंडाळलेलं काहीतरी वर धरता. "काय हाय? बोला की!" मी म्हणते. तुम्ही नुसती मान हलवता, हात आणखी उंच करता. "तोंडानं बोलता येत नसंल तर मला काही नको," म्हणून मी काच ओढून घेते. गाडी निघते.

गावात तेव्हा एकच एसटीडी बूथ होता. फोन करून तुम्हाला तिथं बोलावून घ्यावं, असं चारदा मनात आलं. केला नाही. माघात तुम्ही गेलात. तेराव्याला आईनं वाळलेली उंबराची साल माझ्यापुढं केली. "तुझ्यासाठीच काढलीवती. तुझ्या हातात न्हाय पडली, म्हणून दिवसभर मुकंच हुतं. दिवस बुडाल्यावर पहिलं काय बोललं ठावं हाय का? म्हणालं, पोरगी पोचली आसंल न्हवं?"

माझं दुखणं पुढं गोळ्यांनी बरं झालं. साल अजून डब्यात आहे, उगाळली नाही कधी. हा कागदही त्याच डब्यात जाईल, दुसरीकडं कुठं धाडणार? तात्या रुसलेत असं वाटलं, साल आणलीय हे मला कुठं ठाऊक होतं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. आईलाही. तुम्हाला खोटं सांगवत नाही. उपरण्यातून सालीची ओली कड दिसत होती, तात्या. मला कळलं होतं. फक्त एकदा, माझ्यासाठी, तुम्ही नेम मोडून बोलावं असं वाटत होतं.