काकूंच्या खोलीतला कॅमेरा

मंगळवार, संध्याकाळ, घमापुर

परवा एका गिऱ्हाइकाकडे कॅमेरा बसवून ॲपमध्ये त्याचा नंबर टाकताना शेवटचा आकडा चुकला, अन् कोणाच्या तरी घरची आजी मटार सोलताना दिसली. पासवर्ड विचारलाच नाही! ज्यांच्याकडे कामाला आहे ते दुकानवाले भैया म्हणाले, "काहून डोकं लावून राहिला? चुपचाप वायर ओढ."

तरी मी कंपनीला कळवलंच. आज उत्तर आलं. दोष खरा आहे, त्याला क्रमांक देऊन अशा दोषांच्या यादीत नोंदवू, पण दुरुस्ती होईपर्यंत कोणाला सांगू नका, चोरांना वाट सापडेल. बरोबरच आहे. पण कांचघर मोहल्ल्यातल्या काकू? त्या शाळेत शिकवायला गेल्या की अंथरुणाला खिळलेल्या काकांवर नजर राहावी म्हणून याच कंपनीचा कॅमेरा मीच लावला. काकांचं अंग पुसणं, कपडे बदलणं, सगळं त्याच्याच समोर.

राहवलं नाही, गेलो.

"काकू, घरी असताना याच्यावर टॉवेल टाकत जा."

"बिघडला का रे?"

"नाही जी, धूळ बसते."

"टाकते. तू लावलास ना, मग मला काय चिंता!" वरून चहा पाजला.

कंपनीला खरं सांगितलं अन् काकूंना धूळ. अन् त्या मटारवाल्या आजीला? तिला तर धुळीचंही सांगणारं कोणी नाही.