चौथा खांदा

अकोला, २ डिसेंबर १९३१

कापसाच्या गाठी बांधणारा प्रेस उद्यापासून सुरू, हे मॅनेजर किसनसिंगांनी आज पक्के सांगितले. म्हणजे माझी नोकरीही पक्की. वाशीमहून आलो तो आनंदातच. राहायला कारखान्यामागची खोली, दारात निंब, आवारात कापसाचे ढीग इतके पांढरे की डोळे दिपावेत. बांधलेल्या रुईच्या गाठी वेळेत वॅगनमध्ये चढवून घेणे, हे माझे काम. गाठ पाच मणांची. पुढे एक, मागे एक अशा दोन आडव्या लाकडी बल्ल्यांना ती टांगतात आणि चार हमाल खांद्यावर नेतात.

४ डिसेंबर

हमालांची एक रीत पाहिली. उचलण्याआधी म्हातारा पुंजाजी प्रत्येकाला विचारतो, "हाये का?" चौघांचे "हाये" आल्याशिवाय गाठ हलत नाही. ठेवताना तो "सोड" म्हणतो, तेव्हाच खांदे निघतात. चौघांतला जगदेव उत्तराला सर्वांत उशीर लावतो. खांद्यावरचे फडके मनासारखे बसल्याशिवाय तोंड उघडत नाही. पुंजाजीने त्याला विचारले, लग्नाले चालला काय रे नवरदेवा? सगळे हसले, मीही.

७ डिसेंबर

किसनसिंगांना ही विचारपूस म्हणजे वेळकाढूपणा वाटतो. आजपासून ती बंद. मी घंटीची दोरी ओढायची, चौघांनी उचलायचे. पुंजाजी हात जोडून म्हणाला की कोणाचा खांदा तयार आहे ते घंटीले दिसत नाही. मी लक्ष दिले नाही. आज वीस गाठी जास्त गेल्या.

९ डिसेंबर

मी दोरी ओढली तेव्हा जगदेव फडके नीट करत होता. तिघांनी उचलले. गाठ फिरली आणि बल्ली त्याच्या मानेवर आली. दुपारी तो गेला.

किसनसिंग म्हणाला, हमालाची चूक.  पण दोरी माझ्याच हातात होती.

११ डिसेंबर

जगदेवच्या जागी माणूस घेतला नाही. तिघांनीच उचला, असा हुकूम. मी घंटी वाजवायला नकार दिला. किसनसिंगने दोरी हिसकावून स्वतः ओढली.

गाठ उचलली गेली. चौथ्या कोपऱ्यासकट. मागच्या बल्लीच्या, जगदेवच्या टोकाखाली कोणी नव्हते, तरी ते टोक माणसाच्या चालीने खाली-वर होत वॅगनपर्यंत गेले. भर दुपारी, सगळ्यांसमोर.

किसनसिंग बघत राहिला. मग म्हणाला, उद्यापासून दोघे पुरतील.

१३ डिसेंबर

पुढे पुंजाजी आणि उरलेल्यांतला सेवादास; मागे कोणी दिसत नाही, जगदेव एकटा. मागची बल्ली वाकते. ती जिथे खांद्यावर टेकते तिथे ओला, लाल डाग. रोज पुसतो, रोज येतो.

आज जगदेवची बायको रुख्मिणी फाटकाशी उभी होती. मला म्हणाली, "बाबू, मेल्यावर बी कामाले लावून राह्यले त्याले. आता तरी घरी येऊ द्या."

किसनसिंगने तिला हाकलले. त्याच्या थोबाडीत मारावी म्हणून हात उचलला होता—मारली नाही. ते माझ्याने कधीच व्हायचे नाही.

१४ डिसेंबर

पुंजाजीला विचारले, तो सुटणार कसा. म्हणाला, ज्याने उचलायला लावले, त्यानेच "सोड" म्हणायचे. तेही खांदा देऊन. नुसते उभ्याने म्हटलेले चालत नाही.

पहिली घंटी माझी, म्हणजे मीच.

१५ डिसेंबर, सकाळ

किसनसिंगला सांगितले, मागच्या बल्लीला मी खांदा देतो. हसला. दोरीपाशी जाऊन उभा राहिला.

गाठीला टेकून लिहितो आहे. खांद्यावरच्या फडक्याची घडी अजून करायची आहे. पुंजाजी आणि सेवादास पुढे, पाठमोरे. मागे मी आणि—

वॅगनपर्यंत चाळीस पावले. तिथे "सोड" म्हणायचे. मग रुख्मिणीचा माणूस घरी—

कानाशी कोणी विचारले. पुंजाजी नव्हे.

"हाये का, बाबू?"

थांबला आहे. माझ्या उत्तरासाठी थांबला आहे. माझ्यासाठी कोणी—

किसनसिंगने दोरी ताणली. अरे, मी अजून "हाये" म्हटले ना—