पाचवा खांब

नाशिक, ४ डिसेंबर २०२४

तीर्थरूप बाबांस वेदिकाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर आपलं लगेच भांडण होतं, म्हणून लिहिते. मी वास्तुशांतीला आले आणि पायरीवरूनच मागे फिरले, तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. माझ्या नकाशात घरापुढे चार खांब होते. मिस्त्रीकडून पाचवा का घालून घेतलात? तोही बरोबर दारासमोर!

लग्नानंतर तुम्ही आईला मुंबईचा टाऊन हॉल दाखवलात, त्या पायऱ्यांवर भेळ खाताना ती असंच घर हवं म्हणाली, हे ऐकतच मी मोठी झाले. म्हणून तर ग्रीक पद्धतीचे खांब, वरचा त्रिकोण, सगळं जीव ओतून काढलं. ग्रीक लोक देवळापुढचे खांब सम संख्येत ठेवत. त्यामुळे मधली वाट मोकळी राहते, आतल्या देवाला बाहेरचं दिसतं. आपल्या घरात तो देव म्हणजे आई. अर्धांगवायू झाल्यापासून ती खाटेवर. पडल्यापडल्या तिला गोदावरी दिसावी म्हणून दार नदीकडे काढलं. आता तिने सिमेंट बघत बसायचं का?

त्या खांबावर कसलाही भार नाही, पाडून टाका. तोवर मी पायरी चढणार नाही. गुडघा सांभाळा. रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमची,
वेदिका

सायखेडा, ९ डिसेंबर

चि. वेदिकास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीच्या पायांसारखंच. ग्रीकांना चार चालत असतील, मला नको. चार म्हटलं की मला खांदेकरी दिसतात. तुझ्या आईला दवाखान्यातून आणल्यापासून अंगणात चौघं उभे राहिले तरी मी पाचव्याला हाक मारतो. हसायचं तर हस. मला भीती वाटते, पोरी. खांब राहील. आई रोज विचारते, येदी कव्हा येनार हाय. तिला काय सांगू?

रंगनाथ

नाशिक, १३ डिसेंबर

ती. बाबांस सा. नमस्कार.

हसले नाही, रडले. भीती मलाही वाटते. तरी खांब चुकलाच आहे. एकदा आईच्या खाटेवर आडवे होऊन दाराकडे बघा. एवढं लेकीचं ऐका.

वेदिका

सायखेडा, २० डिसेंबर

चि. वेदिकास आशीर्वाद.

आईला खुर्चीत बसवून तिच्या खाटेवर आडवा झालो. तुला इथून नदी दिसती का, मी तिला विचारलं. तर म्हणाली, नदीचं ऱ्हाऊ द्या, दारात त्यो पांढऱ्या कपड्यातला कोन उभा हाय, आल्यापासून हालत नाय, मला न्यायला आलाय का. तिची नजर अधू झालेली, चुना दिलेला खांब तिला माणूस वाटत होता. इतके दिवस विचारायचं धाडस होत नव्हतं तिला. पोरी, मरण बाहेर राहावं म्हणून मी खांब घातला आणि तेच तिच्या दारात उभं केलं.

तुझा दादा योगेश, मिस्त्रीला बोलवायला निघाला, पण मला दम निघेना. घण मीच उचलला. गुडघा सुजलाय, बोलू नकोस. आता खांब चारच आहेत आणि मी ते मोजत नाही.

नदी लख्ख दिसते. पण तुझी आई नदी बघत नाही, पायरीकडे बघते. आता दार मोकळं झालं, येदी यील, म्हणते.

वाट बघतो.

तुझा,
बाबा