वळणाचं दार

आई, आपल्या गावचं नवं वाचनालय बांधून झालं. नकाशा मी काढला. उद्घाटनाच्या दिवशी, हे तुला कळवायला हवं म्हणून मी पर्समधून फोनसुद्धा काढला, आणि मग तू नाहीस हे आठवलं. इतकी वर्षं होऊनही असं होतं माझं.

जुनं वाचनालय दूध डेअरीच्या माडीवर होतं. सकाळी दूध घालून झालं की तू रिकामी किटली घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहायचीस, आणि ग्रंथपाल गुरुजी आतून एखादं पुस्तक आणून तुझ्या हातात द्यायचे. ते देतील ते. पिठाच्या डब्याला टेकवून, भाकरी थापता थापता तू ते वाचायचीस. मन लागलं नाही तर "ह्यात नुसतं रडणंच हाय की" म्हणून दुसऱ्या दिवशी परत. मी कॉलेजला जायला लागले तेव्हा एकदा म्हणाले, आत जाऊन स्वतःच निवड की. तू नको नको म्हणालीस, पण मनातून तुला जायचं होतं. दुसऱ्या दिवशी मी बरोबर आले. तू किटली दाराबाहेर ठेवलीस, पदर सारखा केलास आणि आत पाऊल टाकलंस.

ती खोली मी आजही डोळे मिटून कागदावर काढू शकेन. दारासमोरच लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना पेपर वाचणारी माणसं, आणि कपाटं पार पलीकडच्या भिंतीला. पुस्तकापर्यंत जायचं तर सगळ्यांच्या समोरून जायला हवं. तू आत येतेस आणि एकेक पेपर खाली होतो. बोलणं थांबतं. कुणीतरी भल्या मनानं उठून खुर्ची पुढं करतं, "बसा की वहिनी, काय पायजे?" तू "काय न्हाय, काय न्हाय" म्हणत मागच्या मागं फिरतेस. रस्त्यात मी चिडून विचारलं, कुणी काही बोललं का तुला? "न्हाय गं. कुणी वाईट बोललं न्हाय. समदी गप झाली, तेवढंच." पुन्हा तू कधी आत गेली नाहीस. माझी पहिली इमारत उभी राहायच्या आत तू गेलीस.

महापुराच्या पाण्यानं ती डेअरीची इमारत खचली, आणि वाचनालयाच्या मंडळानं नव्या जागेचं काम माझ्याकडं दिलं. पुराचं गाव, म्हणून मी इमारत उंच खांबांवर घेतली आणि जिन्याऐवजी सावकाश चढणारी वाट दिली. दार मात्र वळवलं. आत आलं की आधी पुस्तकांची कपाटं, त्यांच्यामधून फिरायचं, आणि टेबलं त्यांच्या पलीकडं, उसाच्या बाजूच्या खिडक्यांशी. आलेल्या माणसाकडं कुणाची मान वळू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

बैठकीत अध्यक्षांनी नकाशा बघून कपाळाला आठ्या घातल्या. "मॅडम, दारातनं हॉल दिसला पायजे. हितं तर शिरलं की कपाटंच कपाटं. बायकांसाठी पायजे तर मागं येगळी खोली काढा." मी उजेड सांगितला, वारा सांगितला, उन्हानं पुस्तकं खराब होतात तेही सांगितलं. कुणाला काही पटेना. शेवटी मी तुझी गोष्ट सांगितली. किटलीपासून "समदी गप झाली" पर्यंत, सगळी.

मग मंडळातले सगळ्यांत वयस्कर आजोबा खाकरले. "ती खुर्ची मी दिलती," ते म्हणाले. "मला वाटलं, मान दिला. त्या परत का फिरल्या, ते आज कळालं बघा." अध्यक्षांकडं वळून ते म्हणाले, "दार ऱ्हाऊ द्या पोरीनं काढलंय तसंच. आणि मागं खोली बिली काय नको. बायकाबी हितंच बसतील की."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्यांच्यावर ओरडावंसंही वाटलं. एवढ्यानंच होणार होतं, तर तू असताना का नाही?

आता तिथं बायका येतात, आई. कुणी परीक्षेचा अभ्यास करते, कुणी बाजारातून जाता जाता शिरते. परवा तुझ्याच वयाची, म्हणजे तू गेलीस त्या वयाची एक बाई कपाटांमध्ये उभी होती. एक पुस्तक काढलं, चार पानं उभ्यानंच वाचली, तोंड वाकडं केलं आणि जागेवर ठेवलं. दुसरं काढलं. पलीकडं पेपरांची पानं उलटत होती, कुणाचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. मी कपाटाला हात टेकून उभी राहिले, आणि ती दुसरं पुस्तक घेऊन गेली तरी मला तिथून हलवेना.

कोल्हापुरातली कामं टाकून मी अधूनमधून गावाकडं जाते. छपराची गळती बघायला आले, असं तिथल्या ग्रंथपाल बाईंना सांगते. त्या बिचाऱ्या दर वेळी शिडी काढून देतात. हे कुणाला पाठवायचं नाही, म्हणून खरं ते लिहिते: ते छप्पर कुठंच गळत नाही.