इंजिन नसलेली फियाट आणि इतर मिळकत

मी, महादेव किसनराव गावंडे, वय एकाहत्तर, मूळ राहणार तेल्हारा, हल्ली मुक्काम अमरावती, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. माझ्या शुद्धीबद्दल पत्नी सौ. कौशल्या हिला गेल्या वर्षीच्या दसऱ्यापासून शंका आहे, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. सोमवारी नागपूरला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्याचं काही कारण नाही. त्यांना नसेलही.

१. राहतं घर आणि बँकेतल्या सर्व ठेवी कौशल्येला. अंगणही तिचंच. ते मी गाडीसाठी बळकावलं, आणि तिच्या सरगुंड्यांच्या वाळवणावर गंजाचा भुगा उडवला, हे दोन्ही आरोप मला मान्य आहेत.

२. चिरंजीव केदार, मुक्काम पुणे. "बाबा, भंगारात द्या, जागा मोकळी होईल," असा मोलाचा सल्ला याने फोनवर दिला होता. त्याला माझी चौकटीची वही द्यावी. गाडी दुरुस्तीचं अकरा वर्षांचं नियोजन तिच्यात आहे. गंज खरवडणे, पत्रेकाम, पुट्टी, रंग, कुशन, सगळं तारीखवार. शेवटच्या पानावर 'इंजिन' एवढाच मथळा असून खाली काही लिहिलेलं नाही.

३. त्याचं कारण असं. फियाट वडिलांनी १९८१ साली घेतली. शेतातल्या रस्त्यावर मी क्लच दाबायचो, धाकटा भाऊ बंडू गिअर टाकायचा आणि वडील दोघांनाही शिव्या द्यायचे. ते गेल्यावर १९९९ साली तेल्हाऱ्यात पंचांसमोर वाटणी झाली. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. शेत झालं, बैल झाले, गंगाळं झाली. गाडीपाशी माझं शहाणपण उतू गेलं. मी एका वाट्यात इंजिन टाकलं, दुसऱ्यात बाकीची गाडी. नुसतं इंजिन कोण उचलेल, आणि इंजिनाशिवाय गाडी तरी कोण नेईल? बंडू रागावून दोन्ही मलाच सोडेल, असा माझा हिशोब.

बंडूने इंजिन उचललं.

पंचांपैकी एक म्हणाले, "मास्तर, आता ढकलत न्या अमरावतीले." मी खरंच ट्रकवर घालून आणली. तंत्रनिकेतनात पोरांना तीस वर्षं इंजिन शिकवलं, आणि घरी इंजिन नसलेली गाडी. विद्यार्थी सभ्य होते, तोंडावर हसले नाहीत.

४. गेल्या वर्षीच्या दसऱ्याला मी काम प्रत्यक्ष सुरू केलं. गाडी ठोकळ्यांवर चढवली, तळाचा कुजलेला पत्रा कापून नवा जोडला, पांढरा रंग मारला. आता दारं एका बोटाने लागतात. बॉनेट उघडलं की आत कौशल्या कांदे ठेवते, हवा लागते म्हणे.

५. वैशाखात ती एका लग्नासाठी तेल्हाऱ्याला गेली होती. इंजिन बंडूच्या कोठ्यात ताडपत्रीखाली आहे, दर दसऱ्याला तो त्याला तेलपाणी करून हळदकुंकू वाहतो, असं ती पाहून-ऐकून आली. तो तिला म्हणाला, "वहिनी, दादानं मांगतलं असतं तं त्याच दिवशी आणून देल्लं असतं. मांगतलं काहून नाही?"

का मागू? मी थोरला आहे. असं सव्वीस वर्षं चाललं आहे, आणि यात अक्कल कोणाची कमी, हे मी आता सांगू शकतो. माझी. मला बंडूची फार आठवण येते. हे कायद्याच्या भाषेत कसं लिहितात ते वकीलसाहेबांना विचारलेलं नाही.

६. सबब, सदर फियाट माझ्या पश्चात बंडूला मिळावी. कांदे वगळून. कौशल्येने हे कलम वाचून ताबडतोब तेल्हाऱ्याला फोन करू नये. मृत्युपत्र टेबलावर उघडंच ठेवलं आहे.

७. ज्याला काही मिळायचं आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, त्याचा हक्क धोक्यात येतो, असं वकीलसाहेबांनी बजावलं आहे. म्हणून माझा जॅक चार वर्षं परत न करणारे शेजारी श्री. धर्मपाल वानखडे यांना मी साक्षीदार नेमतो. त्यांना काहीही मिळणार नाही. दुसरा साक्षीदार अजून ठरायचा आहे.

ठिकाण: अमरावती
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार
सही: महादेव किसनराव गावंडे

साक्षीदार पहिला: धर्मपाल वानखडे. जॅक आजच परत केला आहे.

साक्षीदार दुसरा: पुरुषोत्तम किसनराव गावंडे ऊर्फ बंडू, राहणार तेल्हारा. दादा, वहिनीनं फोनवर सारं वाचून दाखोलं. सही केली तं हक्क जाते, हे समजूनच सही करून राहिलो. तू मेल्यावर भेटणारी गाडी मले नाही पायजे. इंजिन आणलं, खाली टेम्पोत हाय. सोमवारच्या आत बसवू. तू हात लावू नको, खुर्चीत बसून माह्या चुका काढ.